कंपनीनं धाडलं तसं

आमच्या ठमके सरांच्या स्कूटरच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. यवतमाळच्या उन्हात त्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. मी एकदा ओरडलोच, तर म्हणतात, "कंपनीनं धाडली तशी राहू दे ना बापा!"

हे त्यांचं ब्रीद. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी खुर्ची वर केली की हे खाली करणार. मी पडद्यावर बायकोमुलांचा फोटो लावला की दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा कंपनीचं हिरवं माळरान. कॅन्टीनच्या चहात अद्रक लागलं की कप परत, "मूळ चहा आना!" कॅन्टीनवाला त्यांना लांबून पाहूनच कपाळाला हात लावायचा.

घरीही तेच. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सुजाता, तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा हे रागात बोलून बसले, "पुन्हा या घरात पाय ठेवू नको." ती पुण्याला गेली ती गेलीच. तिची सायकल मात्र ओट्यावर होती तिथंच आहे, आणि सर दर रविवारी तिच्या चाकांत हवा भरतात. विषय काढला की म्हणायचे, "येईन ना पोरगी आपोआप. घर तिचंच हाय." खरं सांगतो, मला त्या सायकलीकडं बघवत नाही.

त्या वर्षी कापसाची पार वाट लागली होती. बोंडअळी, वरून भाव पडलेले. आमच्या सर्व्हरवर आम्ही रोज बाजारभाव टाकायचो. लोक सायबर कॅफेत जाऊन तेवढंच बघायचे. एका सकाळी ते पान उघडेना. कोणीतरी वेब सर्व्हरच्या, म्हणजे पान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये बोटं घातली होती. सर तर खूशच झाले! "थांब, मूळ स्थितीत आनतो."

सेटिंगच्या सगळ्या फाइली त्यांनी पुसल्या आणि पॅकेज मॅनेजरला, म्हणजे प्रोग्राम आणून बसवून देणाऱ्या त्या मुकादमाला, वेब सर्व्हर पुन्हा बसवायला सांगितलं. बसला. फाइली मात्र नाहीत. पुन्हा बसवला. तरी नाहीत. इकडं फोनवर फोन, "भाव काहून दिसून नाही राह्यला जी?" सरांना घाम फुटला.

मी माहिती शोधून वाचली. "सर, फाइल आपण हातानं पुसली की हा मुकादम समजतो, मालकानं मुद्दाम काढली. मग आपणहून परत ठेवत नाही. काढलेलीही परत आण, असं वेगळं सांगावं लागतं."

"रागात काढली असंन तरी?"

"त्याला राग काय कळतो सर? काढली म्हणजे काढली."

सरांनी तो हुकूम टाइप केला. फाइली आल्या. सरांच्या हट्टापायी आमचं पान कंपनीनं नेमलेल्या मूळ ठिकाणीच ठेवलेलं होतं, तेही उघडलं. फोन थांबले. एरवी अशा वेळी हे टेबलावर थाप मारतात. त्या दिवशी मोबाइल घेऊन तडक व्हरांड्यात गेले.

"सुजाता... मी बोलून राह्यलो. बाबा." "मी ये म्हनलंच नाही ना तुले कधी. आता म्हनतो. ये, माय. जावयाले घेऊन ये."

आत आले ते चष्मा पुसत. "बघते म्हने."

"येईल सर," मी म्हणालो.

किल्ली उचलून ते निघाले, आणि दारातून वळून म्हणाले, "या टाइमाले अद्रक कुठं भेटंन रे? तिले चहात लागते."