मथुरावहिनीची खबर

माझं नाव सुशीला. गावात मला मास्तरीणबाई म्हणतात, कारण आमचे हे काशीदच्या शाळेत मास्तर. पण एसटीत, रेवसच्या धक्क्यावर, भर बाजारात एक बाई मला "ए डावे!" अशी हाक मारायची. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की मी वळून बघायची.

डावी म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी पदर सावरून उठायची. आता वय झालं, आता कसली लाज, असं म्हणायची पद्धत आहे. मला बाई अजूनही वाटते. तेव्हा एकदाच सांगते, फिरून विचारू नका. मला छातीचा कॅन्सर झाला होता आणि मुंबईच्या इस्पितळात माझी डावी बाजू काढून टाकली होती. ती हाक मारणारी मथुरावहिनी, तिचीही डावीच गेली होती. पण ती स्वतः मथुराच राहिली आणि बाकीच्या बायकांची तिनं वाटणी करून टाकली, डाव्या आणि उजव्या. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांना ती 'अख्ख्या' म्हणायची, तेही जरा कीव केल्यासारखं.

मुंबई अजून महाराष्ट्रात यायची होती, त्या वेळची ही गोष्ट. या दुखण्याचं नाव तेव्हा कुणी तोंडातून काढत नसे, आणि बाईचं दुखणं असल्या जागी असलं तर बोलायलाच नको. आम्ही गावात 'पोटाचं ऑपरेशन' असं सांगून निघालो होतो. ह्यांनीच तसं ठरवलं, म्हणजे मी ठरवलं आणि ह्यांनी मान हलवली.

इस्पितळात मी शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "काशीदच्या मास्तरीणबाई न्हवं का तुम्ही?"

मी चादर नाकापर्यंत ओढली. शेजारी आमच्याच गावची, वरच्या आळीतली, बोटीवरच्या खलाशाची बायको मथुरा पडली होती. तिचा भाऊ तिला घेऊन आला होता. एवढी मोठी मुंबई, एवढी इस्पितळं, आणि देवानं मला नेमकी ही शेजारीण द्यावी! मी क्षीण आवाजात सांगितलं की पोटाचं ऑपरेशन झालं. तिनं माझ्या पट्ट्यांकडे नीट निरखून पाहिलं आणि सिस्टरला म्हणाली, "मास्तरणीचं पोट लय वर हाय गो."

ती माझ्याआधी गावी पोचली. मी आले ती धरणी पोटात घेईल तर बरं, अशा तयारीनंच. पाहते तो बाया माझ्या पोटाची चौकशी करताहेत. मथुरावहिनीनं स्वतःचं सगळं अथपासून इतिपर्यंत सांगून टाकलं होतं. विहिरीवर, मासळीबाजारात, वाण्याच्या दुकानात, कुणी विचारो न विचारो. माझ्याबद्दल मात्र तिनं सांगितलं होतं की मास्तरणीच्या पोटातून नारळाएवढा गोळा निघाला, आपण या डोळ्यांनी बघितला. महिन्याभरात त्या नारळाचा फणस झाला. मी कृतज्ञ व्हायचं की संतापायचं तेच मला कळत नव्हतं.

तिला लाज म्हणून नव्हतीच. संक्रांतीला खोतांच्या घरी हळदीकुंकू होतं. सगळ्या सवाष्णींना चोळीचे खण दिले. मथुरावहिनीनं आपला खण हातात घेतला, उलगडला, आणि भर बायकांत दातांनी टरकन् मधोमध फाडला. अर्धा खोतीणबाईंच्या हातात परत ठेवून म्हणाली, "माझं अर्ध्यात भागतं. ह्यो कुना डावी-उजवीला द्या." खोतीणबाईंच्या हातातली अत्तरदाणी खाली पडली. मी मान खाली घालून तिळगूळ चघळत बसले. माझ्या ओटीत खण होता तो अख्खा, आणि तो मला चोरीच्या मालासारखा जड वाटायला लागला.

आणि तिथंच, दारातून बाहेर पडताना, तिनं मला हाक मारली, "चल गो डावे!"

डावी? ही कशी डावी? खोतीणबाईंनी विचारलंच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मथुरावहिनीची पापणीसुद्धा लवली नाही. मास्तरीण डावखुरी हाय, ती म्हणाली, तुमाला ठाव न्हाय व्हय?

झालं! त्या दिवसापासून मी गावाची डावखुरी. कुंकू तेवढं उजव्या हातानं लावायची मुभा मिळाली, नाहीतर तेही अंगावर आलं असतं. बाकी पाणी शेंदायचं ते डाव्या हातानं, सूप धरायचं डाव्या हातावर जोर देऊन, कुणी आलं की पानाचं तबक डाव्यानं पुढं करून वर "सवय हो, काय करणार" म्हणायचं. त्यात ऑपरेशन झाल्यापासून तो हात धड खांद्यापर्यंत जात नव्हता. मी दातओठ खाऊन निभावून न्यायची आणि मनातल्या मनात मथुरावहिनीचा उद्धार करायची. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हात फार छान मोकळा झालाय, काय करता तुम्ही? काय सांगणार, कपाळ! मथुरावहिनी खिडकीबाहेर बघत खोकत होती.

तपासणीला आम्ही तिघी जायचो. तिसरी दिघीची फातिमाबी. आमच्यातली उजवी ती एकटीच. तिची आमची ओळख त्याच वॉर्डातली. ती दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायची, तिथून एसटीनं काशीदला यायची, मग आम्ही तिघी मिळून रेवस आणि रेवसहून लाँचनं भाऊचा धक्का. फातिमाबी फार बोलत नसे. बुरख्याच्या आत ती हसते आहे की रडते आहे ते तिच्या खांद्यांवरून ओळखावं लागे.

इस्पितळात आम्हाला एक व्यायाम शिकवला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं हळूहळू वर चढवत न्यायची. लाँचला उशीर असला की मथुरावहिनी आम्हा दोघींना धक्क्यावरच्या गोदामाच्या भिंतीशी उभं करायची. एक बुरख्यातली, एक नाकापर्यंत पदर ओढलेली, आणि मध्ये ही कासोटा घट्ट खोचून ओरडणार, "चढव गो, चढव, त्या इटंपावत ने!" माणसं गोळा व्हायची. एका म्हाताऱ्यानं तर भिंतीत काही देवस्थान असेल असं समजून वहाणा काढून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फातिमाबीचे खांदे गदगदा हलायचे.

माझी आणि मथुरावहिनीची खरी भांडणं व्हायची ती उशीवरून. मी कापसाची एक लहानशी उशी शिवली होती, पोलक्याच्या आत बसेल अशी. वरून बघणाऱ्याला काही कळत नसे. मथुरावहिनीला ती उशी बघवत नसे. ती स्वतः एका बाजूनं सपाट छाती घेऊन गावभर हिंडायची, पदर सरकला तर सरकला. कुणाला फसवतेस, ती मला विचारायची, आणि मी तिला म्हणायची, तू आपलं काम बघ.

एकदा लाँच हेलकावे खात होती आणि लाटांचं पाणी आत येत होतं. माझी उशी भिजली. भिजलेला कापूस केवढा जड होतो ते त्या दिवशी कळलं. ती घसरत घसरत कमरेशी येऊन बसली. माझ्या पोटाच्या ऑपरेशनवर ज्या कुणाचा विश्वास नसेल त्याचाही बसला असता. समोरचा एक गृहस्थ डोळे फाडून बघत होता. मी रडायलाच लागले. तेवढ्यात मथुरावहिनीनं आपला पदर सोडून माझ्यापुढं धरला, दुसरीकडून फातिमाबीनं बुरख्याचा पंखा केला, आणि त्या आडोशात मी हुंदके देत उशी बाहेर काढून पिळली. बाहेर मथुरावहिनी त्या गृहस्थांना विचारत होती, त्यांच्या घरी आयाबहिणी आहेत की नाहीत, आणि नसल्या तर एवढा मोठा समुद्र देवानं बघायलाच ठेवलाय की नाही. ते बिचारे रेवसपर्यंत समुद्र बघत बसले. आधी फातिमाबीचे खांदे हलले, मग मलाही हसू आवरेना. फातिमाबीनं घरची सांदणं काढली. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरचं चालत नसे, पण पाण्यावर सगळं चालतं असं मी तिथल्या तिथं ठरवलं आणि दोन खाल्ली.

आता मथुरावहिनीच्या मालकांबद्दल. राघोभाऊ परदेशी जाणाऱ्या बोटीवर होते. गेले की दोन-दोन वर्षं तोंड दिसत नसे. आणि आमच्या किनाऱ्याला अशा घरांची एक रीत आहे. बोटीवरच्या माणसाला वाईट खबर धाडायची नाही. मधल्या समुद्रात तो काय करणार, कुठं धाव घेणार? आई जावो, घर पडो, पत्रात 'इकडे सर्व खुशाल' एवढंच. माणूस घरी येतो, पायरीवर बसतो, गार पाणी पितो, तांब्या खाली ठेवून "काय खबर?" म्हणून विचारतो, आणि तेव्हा घरच्या माणसानं सांगायचं. घरच्याच माणसानं. वाटेत शेजाऱ्यापाजाऱ्यानं काही बोलायचं नाही, गावातलं पोरसुद्धा ती रीत मोडत नाही. राघोभाऊ बोटीवर चढले तेव्हा मथुरावहिनी अख्खी होती.

एका दुपारी ती माझ्या मागच्या दारानं आत आली. हाक नाही, आरडाओरडा नाही. मला वाटलं, दुखणं उलटलं. ती पाटावर बसली आणि पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग म्हणाली, बोट मुंबईला लागली, गुरुवारी मालक येतात.

मी म्हटलं, बरं झालं की.

"मला तुझ्यासारकी एक उशी शिवून दे," ती म्हणाली.

मी हसले. थट्टाच वाटली मला. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू तिथंच राहिलं.

म्हटलं, अगं वहिनी, साऱ्या गावाला तू सांगितलंस, खोतांच्या घरी खण फाडलास, आणि घरच्या माणसाला एवढं सांगता येत नाही?

"त्यांनाच सांगायचं व्हतं गो," ती म्हणाली. "घरची म्हंजे मीच. दुसरं कोन हाय? म्हनून तर गावभर सांगत सुटले. म्हटलं, दहा जनींना हसून सांगितलं तर जिभंला सवय व्हईल, मंग त्यांच्याम्होरं जड जानार न्हाय. लय सांगून बगितलं. न्हाय झाली सवय." तिनं पदराचा पीळ सोडला. "लाज वाटते," ती म्हणाली.

तिच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

मी आपली टेप घेऊन आले. उशी शिवायची तर माप हवं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, चोळीच्या गाठीला हात लावला आणि तो हात तिथंच थांबला. मी वाट बघितली. तिच्यानं ती गाठ सुटेना. इस्पितळातून आल्यापासून तिनं स्वतःसुद्धा खाली बघितलं नव्हतं. चोळी अंगावर ठेवूनच अंघोळ करायची, ती तशीच अंगावर वाळायची. हे तिनं भिंतीला सांगितलं. माझी तरी काय वेगळी तऱ्हा होती? घरातला आरसा मीच माळ्यावर टाकला होता. ह्यांच्याकडे मी पाठ करून निजत होते. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी वळले नाही.

मी दाराला कडी घातली आणि माझ्या पोलक्याच्या गुंड्या काढल्या. उशी काढून पाटावर ठेवली. लग्नाच्या रात्रीसुद्धा मी एवढी लाजले नसेन. कानाच्या पाळ्या तापल्या. तिला म्हटलं, वळ. ती वळली. तिनं बघितलं, अगदी निवांत बघितलं, वण कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते सगळं.

"येवडंच हाय?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

मग तिनं गाठ सोडली. माझे डोळे इतके भरून आले होते की माप दोनदा घ्यावं लागलं.

गुरुवारी तिनं मला तिच्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. नुसती बस, म्हणाली, काही बोलू नकोस. मी शिवलेली उशी तिच्या अंगात होती आणि कुणी बघितलं असतं तर शपथ घेऊन सांगितलं असतं की बाई अख्खी आहे. बाहेर राघोभाऊंच्या वहाणा वाजल्या. तिनं तांब्या भरला, दारापर्यंत गेली, परत आली, चोळीत हात घालून उशी काढली, माझ्या मांडीवर टाकली आणि बाहेर गेली.

पाणी पिऊन झालं. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय खबर?" राघोभाऊंनी विचारलं.

साऱ्या तालुक्याला तोंड देणाऱ्या त्या बाईला शब्द फुटेना. मी पदर तोंडात कोंबून बसले होते. बोल गं, बोल एकदाची, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेन. शेवटी काय झालं ते मला दिसलं नाही. तिनं त्यांचा हात धरून छातीवर ठेवला असावा, कारण तो दांडगा माणूस एकदम लहान मुलासारखा रडायला लागला.

"रडता कशापायी," मथुरावहिनीचा आवाज आला. इतका हळू आवाज तिच्याजवळ होता हे मला माहीत नव्हतं. "येकच बाजू गेली. मी हाय की."

मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि तडक घरी आले. हे ओटीवर मुलांच्या पाट्या तपासत बसले होते. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

"अहो," मी म्हटलं, आणि पुढं काय म्हणायचं ते काही केल्या सुचेना.

त्यांनी पाटी खाली ठेवली, काही न विचारता उठले, मला आत नेलं आणि दार लावून घेतलं.