धीर मंडळाच्या अध्यक्षाने कोचच्या अंगणात काय रोवलं

ऑगस्ट. मका डोक्याच्या वर.

"यंदा कोचला कुणीही शिव्या द्यायच्या नाहीत!" व्हर्लिन स्टकीने टेबलावर मूठ आपटली. कॉफीचे कप उडाले, पॅनकेकवरचा पाक डेल्मरच्या चष्म्यावर गेला.

व्हर्लिन टायर विकतो. कॅन्ससमधल्या हॅस्केल बेंड गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्या टायरवर चालतात, आणि फुटबॉलच्या सगळ्या गप्पा त्याच्या तोंडावर. गावच्या विद्यापीठाचा संघ म्हणजे साळिंदरं. पोशाख हळदी. गेल्या वर्षी साळिंदरांनी दोन सामने जिंकले, त्यातला एक समोरच्या संघाला आदल्या रात्रीचं चिकन बाधलं म्हणून. जुना कोच गेला. प्रूइट नावाचा नवा कोच आला. आल्या आल्या म्हणाला, पायापासून बांधणी करायची आहे, तीन वर्षं द्या.

"दिली!" व्हर्लिन म्हणाला. जणू त्याच्या वरच्या खिशातच होती.

डेल्मर चष्मा पुसत हसला. हा निवृत्त पोस्टमन, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचा स्वभाव पत्त्यासकट पाठ. "लेका, तुला सिग्नल हिरवा होईपर्यंत दम निघत नाही. तू तीन वर्षं थांबणार?"

"चार सामने जिंकले तरी मी समाधानी! लिहून ठेव! बांधणीच्या वर्षात माणसाने विजय नाही बघायचे, पाया बघायचा."

"पाया दिसतो कसा पण?"

"जाणकाराला दिसतो!"

आणि त्याच टेबलावर, अंडी थंड व्हायच्या आत, धीर मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष व्हर्लिन. हळदी टी-शर्ट छापून आले, छातीवर दोनच शब्द: धीर धरा. निम्म्या गावाने ते अंगात घातले. खुद्द कोच प्रूइट दुकानात येऊन व्हर्लिनचा हात हातात घेऊन गेला. "मिस्टर स्टकी, तुमच्यासारखी माणसं असली की कोचला झोप लागते."

तो हात व्हर्लिनने संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

सप्टेंबर.

पहिला सामना जिंकले! समोरचा संघ इतका किरकोळ की त्यांच्या बँडवाल्यांनाच हेल्मेट घालून उतरवलंय की काय, असं वाटावं. पण विजय तो विजय. चारवर समाधानी असलेला माणूस सोमवारी सातवर आला.

"चार म्हणालास ना?"

"चार म्हणजे कमीत कमी म्हणालो होतो!"

दुसराही जिंकले. व्हर्लिन दहावर गेला. "डेल्मर, मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्याला जायचं झालं, तर जानेवारीत फ्लोरिडात हॉटेलं महाग असतात का रे?"

मग हरले.

मग हरले.

मग (हे मात्र जरा तपशिलात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या अर्ध्या यार्डातून निघाला) साळिंदरं दोन गुणांनी मागे. शेवटचं मिनिट. चेंडू अगदी गोलरेषेच्या तोंडाशी, अर्धा यार्ड लांब. अर्धा यार्ड म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर व्हर्लिनचं पोट पुढे येतं तेवढं अंतर! लाथ मारायची, चेंडू दोन खांबांमधून उडवायचा, तीन गुण खिशात, घरी जायचं. शेंबडं पोर सांगेल. प्रूइटने काय करावं? पोराच्या बगलेत चेंडू दिला आणि सांगितलं, घुस! पोरगं घुसलं. वर दहा-बारा धिप्पाड देह पडले. पोरगं निघालं, चेंडू निघाला, पण दोघंही रेषेच्या अलीकडेच निघाले.

स्टेडियममध्ये सगळ्यांच्या माना व्हर्लिनकडे वळल्या. अध्यक्ष काय बोलतात?

"बांधणी... चालू आहे," व्हर्लिन म्हणाला. दात इतके आवळले होते की दाढेतलं सिमेंट हललं.

रविवार. गाव चर्चमध्ये.

हॅस्केल बेंडमध्ये कोच पुरता मनातून उतरला, की त्याला कुणी पत्र-बित्र पाठवत नाही. त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवतात. कोचने वाचायचं आणि समजून घ्यायचं. जुन्या कोचच्या अंगणात अशा सात-आठ पाट्या उगवल्या होत्या. चांगला पाऊस झाल्यासारख्या.

व्हर्लिनच्या गॅरेजमध्ये पाट्यांना तोटा नव्हता. बायको नॅडीन घरं विकायची. गावात तिच्या नावाला वजन होतं. प्रत्येक पाटीवर तिचा हसरा फोटो, नाव, फोन नंबर. पण एक होतं. मालकाची सही नसताना पाटी लावली, तर घर विकणाऱ्याचा परवाना जातो. शेजारच्या गावात एका बाईचा गेला. ती आता बाजारात मेणबत्त्या विकते.

व्हर्लिनला हे माहीत होतं. म्हणून तर त्याने फोटो, नाव, नंबर सगळ्यावर हळदी कागद चिकटवला. वर दुकानातली चिकटपट्टी! ती टायरला सोडत नाही, कागदाला काय सोडणार!

"पोटात कळ येतेय," असं नॅडीनला सांगून तो मागे राहिला. कोच स्टेडियमवर कालच्या सामन्याची चिरफाड करत बसला होता, त्याची बायको मेलानी चर्चमध्ये. रस्ता सामसूम. व्हर्लिनने पाटी रोवली, आणि मागून आवाज आला.

"वाकडी आहे."

समोरच्या घरातल्या ओपलकाकू! नव्वदीच्या. चालायच्या काठीने पाटीला ढोसत उभ्या.

"अं?"

"डावीकडे कललीय. हातोडी आण, मी धरते. नॅडीनचं काम असं अर्धवट नसतं रे! आणि हा कागद कशाला डकवलायस?"

"ते... अजून नक्की नाही ना, काकू."

"किती खोल्या आहेत?"

"मला काय ठाऊक!"

"विकायला निघालायस आणि खोल्या ठाऊक नाहीत? दे इकडे हातोडी!"

दोघांनी मिळून पाटी अशी पक्की ठोकली की वादळातही घर जाईल, पाटी राहील. ओपलकाकूंनी लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं, आता ठीक म्हणाल्या. व्हर्लिन घरी येऊन सोफ्यावर आडवा झाला. मन कसं हलकं! देशसेवा केल्यासारखं!

कोचच्या हिरवळीवरचे फवारे रविवारी आपोआप सुरू होतात, हे टायरवाल्याला कुणी सांगावं? टायरला सोडत नाही ती चिकटपट्टी पाण्यापुढे लोळण घेते, हेही त्याला आयुष्यात प्रथमच कळणार होतं.

फोन.

"नॅडीन, कोचचं घर आधी मला दाखव हं! आमच्या पोरीचं लग्न—"

"कुठलं घर?"

फोन.

"वरच्या मजल्यावर न्हाणीघर आहे का गं?"

"कशाच्या वरच्या मजल्यावर?"

फोन.

"डेल्मर बोलतोय! व्हर्लिन कुठाय? सांग त्याला, आपला कोच पळवला!"

"कोणी?"

"टेक्सासवाल्यांनी म्हणे! लोक चेष्टेत पाट्या लावतात ते वेगळं, पण तुझा फोटो असलेली पाटी! म्हणजे व्यवहार पक्का! माणूस चालला, नॅडीन!"

नॅडीनने फोन ठेवला आणि सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर व्हर्लिन पोट धरून बसला होता. आता खरोखरच कळ येत होती.

"चल," ती म्हणाली.

"मला बरं—"

"चल."

गाडीतला रेडिओ. श्रोत्यांचे फोन.

"...कालपर्यंत मीच त्याला गाढव म्हणत होतो! पण टेक्सासला गाढव कशाला लागेल हो? म्हणजे माणसात काहीतरी असणार!"

"...अर्ध्या यार्डावर लाथ न मारायला छाती लागते! असा कोच आपल्याला पुन्हा मिळणार नाही!"

"...बांधणी अर्धी टाकून जातोय, आपल्या पायाचं काय?"

नॅडीनने रेडिओ बंद केला.

अंगण.

दीडेकशे माणसं! चर्चच्या कपड्यांत, वरून धीर मंडळाचे टी-शर्ट चढवलेली. कुणी घरून ओव्हनमध्ये भाजलेलं पातेलंभर कॅसरोल आणलेलं, कारण या गावात माणूस गेला किंवा जाणार असला की कॅसरोल येतं. मधोमध पाटी, आणि तिच्यावर ओलीचिंब नॅडीन हसतेय.

खरी नॅडीन हसत नव्हती. तिने आपल्या फोटोकडे पाहिलं. खाली पडलेल्या हळदी कागदाकडे पाहिलं. लोंबणाऱ्या चिकटपट्टीकडे पाहिलं. मग व्हर्लिनकडे. बस्स. तेवढ्यात खटला चालला, साक्षीपुरावे झाले आणि निकालही लागला.

"अध्यक्ष आले!" डेल्मर ओरडला. "बोल, व्हर्लिन! थांबव त्याला!"

लोकांनी व्हर्लिनला उचलून बियरच्या बर्फपेटीवर उभा केला.

व्हर्लिनला म्हणायचं होतं: अरे मूर्खांनो, टेक्सास-बिक्सास काही नाही, पाटी मी लावली, मला हा माणूस इथून जायला हवाय!

व्हर्लिन म्हणाला: "कोच... जाऊ नका."

अंगण हुंदक्यांनी भरलं. ओपलकाकू मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे, पण सकाळी तूच तर—" आणि गर्दीत आलेल्या विद्यापीठाच्या बँडमधल्या कुणीतरी नेमका तेव्हा ट्रम्पेट वाजवला. ट्रम्पेटवाल्याचं देव भलं करो!

कोचची बायको मेलानी पायरीवर उभी होती. "मिसेस स्टकी, मी तर तुम्हाला बोलावलं नव्हतं. ही पाटी कुणाच्या परवानगीने लागली?"

व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे मेणबत्त्या दिसू लागल्या. ओळीने मांडलेल्या. मागे नॅडीन बसलेली, सुट्टे मोजत. तो बर्फपेटीवरून उतरला. तुम्हाला पटणार नाही, पण सांगून टाकायचं ठरवलं होतं त्याने, खरंच. "मॅडम, ती पाटी—"

"तू गप्प बस," नॅडीन म्हणाली आणि मेलानीला घेऊन आत गेली.

दार बंद. गर्दी गाणं म्हणत होती. व्हर्लिनने कुणाचं तरी कॅसरोल खाल्लं. कशाचं होतं, आजही सांगू शकणार नाही.

दार उघडलं. दोघी हसत बाहेर! मेलानीच्या हातात पेन!

"हिने विचारलं, स्वयंपाकघर कसं आहे," मेलानी सगळ्या गर्दीला सांगू लागली. "आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं! फ्रिज उघडला की ओव्हन उघडत नाही, आणि दोन्ही उघडले की मी बाहेर पडू शकत नाही! मी सही केली. विकतेय मी घर!"

परवाना वाचला. व्हर्लिनने श्वास सोडला. पण "विकतेय" ऐकताच गर्दीने असा टाहो फोडला की विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत धावत आले. त्यांच्या पाठोपाठ कोच प्रूइटची गाडी आली.

"काय झालं? कोण गेलं?" कॅसरोल बघून तो घाबरला.

"टेक्सास किती देतंय?" क्रीडाप्रमुखांनी विचारलं.

"टेक्सास मला काय देणार?" कोच भांबावला.

"हुशार आहे! आकडा सांगत नाही!" प्रमुख दाढीचा फेस पुसत म्हणाले आणि तिथेच, ओल्या हिरवळीवर, प्रूइटचा करार तीनवरून सहा वर्षांवर नेला. जल्लोष! कोचने व्हर्लिनला कडकडून मिठी मारली. मिठीआडून व्हर्लिनला नॅडीन दिसत होती. ती ओठांनी, आवाज न करता म्हणत होती: घरी बोलू.

घरी ती एवढंच बोलली:

"मेलानीला मोठं स्वयंपाकघर हवंय. मी एक घर सुचवलंय."

"कुठलं?"

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेजारचं. कितीतरी दिवस रिकामं.

"शेजारी? कोच? सहा वर्षं?"

"आणि सामान हलवायला तू जाणार आहेस. मी शब्द दिलाय."

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार.

साळिंदरं तोवर पाच सामने जिंकली होती. पाच! ऑगस्टच्या हिशेबाने गावजेवण घालायला हवं होतं, सप्टेंबरच्या हिशेबाने सुतक पाळायला हवं होतं. आज सहावा जिंकला तर वर्षाअखेरच्या मोठ्या सामन्याचं बोलावणं नक्की. समोर पश्चिमेचे निळे, आणि त्यांच्या मैदानावर. निळ्यांना शेवटचं हरवलं तेव्हा डेल्मरला केस होते.

अख्खं गाव टीव्हीसमोर. हमालही टीव्हीसमोर. म्हणून कोचचा सोफा व्हर्लिनच्या पाठीवर.

एका घरातून: "हाऽऽऽ!"

व्हर्लिन थबकला. "जिंकतोय का आपण?"

"असू शकेल," मेलानी म्हणाली. "सोफा जरा तिरका करा."

दुसऱ्या घरातून: "अरे देवाऽऽ!"

"काय झालं? चेंडू पडला का?"

"पायरी आहे, जपून."

कपाट. गादी. सहा खोक्यांवर लिहिलेलं: 'सामन्यांचे व्हिडिओ, जड'. मग एकदम दोन्ही बाजूंच्या घरांतून, रस्त्याच्या टोकापासून, चर्चच्या तळघरातून अशी आरोळी उठली की विजेच्या तारांवरचे पक्षी उडाले. घंटा वाजली. गाड्यांचे भोंगे. डेल्मर पायजम्यावर रस्त्यात नाचत आला. "व्हर्लिन! बघितलंस? बघितलंस ते? अर्धा यार्ड! पुन्हा अर्धा यार्ड! आणि घुसलं पोरगं!"

"हो तर!" डोक्यावर टेबल असलेला व्हर्लिन टेबलाखालून म्हणाला.

आणि गंमत म्हणजे, वाईट वाटेना. पाठ मोडली होती, घाम डोळ्यांत जात होता, पण छातीत काहीतरी गरम, गोड पसरत होतं. सहा! बांधणीच्या वर्षात सहा! तो त्या टेबलासकटच थोडासा नाचला. टेबलाचा एक पाय जरा सैल झाला, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

दिवस मावळताना संघाची बस आली. कोच नव्या घराच्या पायरीवर पोचला, तर पायरीवर व्हर्लिन पाय पसरून बसलेला, नॅडीन आणि मेलानी लिंबूपाणी पीत उभ्या.

"मिस्टर स्टकी!" कोचने हातातली बॅग खाली टाकली. "निळ्यांचा सामना सोडून तुम्ही आमचं सामान वाहिलंत? याला म्हणतात चाहता! कसा वाटला सामना?"

"ऐकायला छान होता," व्हर्लिन म्हणाला. मनापासून.

कोचही शेजारी टेकला. रस्त्यावर पोरं हळदी झेंडे घेऊन धावत होती.

"आईपण येतेय आता राहायला," मेलानी म्हणाली. "पियानो घेऊन. तिच्या आजोबांच्या वेळचा आहे, आठ माणसांना उचलत नाही. कधी आणावा, कळत नाही. पुढच्या महिन्यात एकच दिवस जमतोय, पण त्या दिवशी तर साळिंदरांचा मोठा सामना!"

"मग त्याच दिवशी आण की," नॅडीन म्हणाली. "सगळं गाव टीव्हीसमोर असतं. रस्ते मोकळे असतात, आणि व्हर्लिनही."