प्रतिकार : आहे / नाही

रोगप्रतिकारक पैदास योजनेच्या परिपत्रकानुसार प्रत्येक बोकडाची तपासणी व्हायची होती. पात्र ठरेल त्याच्या कानात पिवळा बिल्ला, अपात्र ठरेल त्याचं गुरुवारी खच्चीकरण. रोगट वंश वाढू नये हा उद्देश. उद्देशात खोट काढायला जागा नव्हती, आणि अर्जातही तशी जागा सोडलेली नव्हती.

शेळीवाली मात्र निर्धास्त होती. मागच्या साथीत तिची एकतीस जनावरं नऊ दिवसांत गेली. उरला एकटा दगड्या. हा बोकड मेलेल्यांच्याच गव्हाणीत चरला, त्यांचंच उष्टं पाणी प्यायला आणि साधा शिंकलासुद्धा नाही. पुढे नव्या शेळ्यांना त्याच्यापासून झालेली करडंही तशीच ठणठणीत निघाली. तिच्या गोठ्याची सगळी भिस्त आता त्याच्यावर होती.

"सासूबाई, ही योजना आपल्या दगड्यासाठीच काढलीये!" ती म्हणाली. सरकारबद्दल चांगलं बोलायची सासूबाईंना सवय नव्हती, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

तपासनीस आला. त्याने शेपटीखाली थर्मामीटर लावला, आणि दगड्याने अशी लाथ झाडली की तपासनीस थेट गव्हाणीत. गुडघा चोळत त्याने अर्ज काढला. 'प्रतिकार : आहे / नाही' या रकान्यात 'आहे'वर खूण केली, कागद फाटेस्तोवर. शेळीवालीला इतका आनंद झाला की तिने त्याला दोनदा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कारकुनाने शिक्का दाखवला : अपात्र.

"अहो, असं कसं? प्रतिकार आहे म्हणून लिहिलंय की!"

"म्हणूनच. रकाना सहा हाताळणीचा आहे, बाई. प्रतिकार करणारं जनावर चालत नाही."

"पण रोगाला प्रतिकार आहे हो त्याचा!"

"तो रकाना नऊ. आजार झाला होता का? इथे 'नाही' आहे. आजारच झाला नाही, तर प्रतिकार कशाचा केला?"

"एकतीस गेली, हा एकटा राहिला!"

"त्यांचे मृत्यूचे दाखले?"

"साथीत तुमचा दवाखानाच बंद होता!"

"डॉक्टर आजारी होते," कारकून शांतपणे म्हणाला.

जाऊबाईंचा बोकड मात्र पहिल्या फटक्यात पात्र ठरला. थर्मामीटर लावला तेव्हा तो जागचा हलला नाही, कारण त्याला एकशे सहा ताप होता. रकाना सहा : प्रतिकार नाही. रकाना नऊ : आजार होय, सध्या चालू. इतका भक्कम पुरावा कुणाकडेच नव्हता.

शेळीवाली तरातरा साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, ते हळहळलेसुद्धा. मग त्यांनी अर्जाची मागची बाजू उलटली. "मालकाचाही रकाना असतो. 'निर्णयास मालकाचा प्रतिकार'. 'आहे' लिहिलंत तर तीन वर्षं लस मिळणार नाही. बघा, माझी जबरदस्ती नाही."

तिला घरच्या करडांची आठवण झाली. तिने 'नाही'खाली सही केली.

गुरुवारी तपासनीस खच्चीकरणाचा चिमटा घेऊन आला, पण तीन हात लांबच थबकला. शेवटी शेळीवालीनेच दगड्याचे मागचे पाय धरले. तिने धरलं म्हणून तो लाथ झाडेना, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं.

"तुमच्यासारखं सहकार्य कुठे मिळत नाही हो," तपासनीस म्हणाला.

वर्षभरात गावोगावच्या शेळ्यांना पिवळ्या बिल्ल्याच्या बोकडांची करडं झाली. अत्यंत गुणी. कान धरा, सुई टोचा, हूं की चूं नाही. पुढची साथ आली तेव्हा तिलाही त्यांनी काडीचा प्रतिकार केला नाही. अहवालात योजना शंभर टक्के यशस्वी ठरली.

हे वाचून त्या बाईने निमूट पाय का धरले, शेवटपर्यंत विरोध का केला नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. मनातच आलं ना? मग हरकत नाही. तुम्ही पात्र आहात.