कायमचे सूचक

लिंबाजीमामांबरोबर हॉटेलात चहा प्यायचा म्हणजे आधी ठराव करावा लागे. "च्या घ्यावा, आशी माझी सूचना हाय," असं म्हणून ते थांबत आणि अनुमोदन मिळेपर्यंत कपाला हात लावत नसत. अनुमोदन बहुतेक मीच देई, कारण माझाही चहा गार होत असे.

एका लग्नात कुणी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मामांनी नवरीचं नाव रीतसर सुचवलं आणि अनुमोदक कोण म्हणून मांडवभर नजर फिरवली. शेवटी नवरदेवाच्या बापानेच घाबरून हात वर केला.

ही सवय त्यांना पक्षाने लावली होती. राणीसावरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या माणसाकडे वीस-पंचवीस मेंढरं होती आणि एक देशव्यापी पक्ष होता. निवडणूक आली की वरून बंद पाकीट यायचं आणि त्यातलं नाव गंगाखेडच्या सभेत मामा उभं राहून सुचवायचे. उमेदवार कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आपुन सूचक हाव. वळख कशाला लागती?"

पुढे कारभार जिल्ह्याकडे आला. विहीर, शाळा, रस्ता सगळं परभणीत ठरू लागलं, तेव्हा पक्षालाही उशिरा का होईना जाग आली. सत्तरनंतरच्या एका निवडणुकीआधी दिल्लीहून पत्र आलं, की पंचायत समितीसाठी नावं आता खालून यावीत. मामांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"खालून म्हंजे आमीच की," ते म्हणाले. मग एका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवू लागले. "सोताचं नाव सोताला सुचवता येत न्हाई. तू घेशील का?"

घेईन म्हणालो. अगदी छातीला हात लावून म्हणालो.

मी तेव्हा गावच्या सहकारी सोसायटीचा सचिव होतो. ती नोकरी आमच्या भागाचे पुढारी आबासाहेब यांनी लावून दिलेली. सभेच्या दिवशी दारातच त्यांनी मला चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीत त्यांच्या पुतण्याचं नाव होतं. म्हणजे पाकीट होतंच, फक्त ते आता दिल्लीऐवजी आबासाहेबांच्या खिशातून निघत होतं. नोकरी बरी चालली आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

पक्षाच्या निरीक्षकांनी नावं मागितली. नवा सदरा घालून आलेले मामा माझ्याकडे पाहत होते आणि आबासाहेबही माझ्याकडेच पाहत होते. मी मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसलो. मामांना तेवढ्यावरून कळलं असणार, कारण तेच उठले. कुणाचं नाव सुचवायचं ते त्यांनी आबासाहेबांना विचारलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ते सुचवलं. अनुमोदनाला मी हात वर केला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

परतीच्या एस्टीत ते म्हणाले, "तुझ्या घरी चार तोंडं हायती. मी इचारायलाच नको हुतं."

फाट्यावर गिरजाआक्का उभी होती. मामांची ही थोरली विधवा बहीण. त्या घरात ही दोघंच. भावाचं नाव निघणार म्हणून तिने पदरात साखर बांधून आणली होती. मी मागच्या मागे सटकायला निघालो, तर मामांनी दंड धरून मला पुढे ओढलं.

"भर सभेत यानं माझं नाव घेतलं, आक्का," ते म्हणाले. "बाकीचे फिरले. त्याला ह्यो काय करनार?"

आक्काचे डोळे भरून आले. "कुनीतरी घेतलं बाबा," ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडून मूठभर साखर तिने माझ्या तोंडात घातली.

मी ती खाल्ली.