मार्चअखेरचा मोर्चा

"काकी, जरा चिडा ना! त्या दिवशी चिडला होतात तशा!" मैथिली कॅमेऱ्यामागून ओरडली.

"कशी चिडू गो? सकाळधरनं तूच वडापाव खायला घालतेस!" गिरजाबाई म्हणाल्या.

पेणच्या रामवाडीतली ही मैथिली रोह्याजवळच्या एका वाडीतल्या बायांच्या लढ्यावर माहितीपट करत होती. वाडीत टाकी होती, नळ होते, पाणी तेवढं नव्हतं. गेल्या वर्षी गिरजाबाईंनी पाण्याच्या कचेरीवर हंडा मोर्चा नेला. साहेब "बघतो" म्हणाले आणि वर्षभर नुसते बघत राहिले. टाकीचा पंप कचेरीमागे पडून, आणि बाया उन्हातान्हात विहिरीवर. तो मोर्चा काही मैथिलीला टिपता आला नव्हता. म्हणून तिने तो पुन्हा काढायचा ठरवला, तोही रविवारी, बंद कचेरीसमोर, कुणाला त्रास नको म्हणून. पोरगी हुशार हो, पण मार्चअखेर विसरली! मार्चअखेरीला सरकारी कचेरीला कुठला आलाय रविवार?

"पाणी द्या, नायतर खुर्ची सोडा!" सिनेमात दिसायचं म्हणून लग्नातल्या साड्या नेसलेल्या बाया चिंचेने घासलेले हंडे बडवत फाटकाशी पोचल्या. तोच कचेरीचं दार उघडून खुद्द साहेब बाहेर आले.

"अहो ताई, शांत व्हा! महिन्याभरात पंप जोडतो!"

"साहेब, हे फक्त शूटिंग..." मैथिली सांगायला गेली.

"आधी तो कॅमेरा खाली घ्या!"

तेवढ्यात मागून एसटीने जोरात हॉर्न मारला. "आवाज बिघडला! परत घेऊ," मैथिली म्हणाली. बाया मुकाट नाक्यापर्यंत मागे गेल्या आणि पुन्हा घोषणा देत आल्या. साहेबांना वाटलं, महिना काही बायांना पटला नाही.

"बरं बरं, आठ दिवसांत!"

"छान झालं, काकी," मैथिली खूश झाली.

गिरजाबाईंचं डोकं मात्र आता चालायला लागलं होतं. "छान कसलं? माझा पदर सरकला व्हता. परत घे."

"पदर नीट होता हो!"

"तुला काय कळतंय? चला गो, मागं फिरा!"

तिसऱ्या खेपेला साहेब परवावर आले. मग मागच्या रांगेतल्या नूतनचा हंडा नीट दिसला नाही म्हणून चौथी खेप झाली. साहेब घामाघूम. "उद्या सकाळी! आईशप्पथ, उद्या सकाळी!"

मैथिली रडकुंडीला आली. "साहेब, मागच्या वेळी 'बघतो' म्हणाला होतात. तेवढं एकदा म्हणा ना, माझा सगळा शेवट अडलाय!"

"मुळीच म्हणणार नाही! मला अडकवताय होय?"

दुसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, पंप आणि माणसं घेऊन हजर. दुपारी नळ आधी खाकरला, मग गढूळ थुंकला आणि मग धो धो सुटला. बाया एकमेकींवर ओंजळींनी पाणी उडवायला लागल्या. मैथिलीने ठरवलेला दुःखी शेवट त्यात पार वाहून गेला, आणि तिलाच इतका आनंद झाला की कॅमेरा सोडून ती नळाखाली जाऊन भिजली.

संध्याकाळी ती निघाली, तर गिरजाबाई आडव्या आल्या. "कॅमेरा ने तू. हे स्टँड ऱ्हाऊ दे टाकीपाशी."

"नुसत्या स्टँडचं काय करणार, काकी?"

"वर फडका टाकून ठेवते. साहेबांना काय ठाव, खाली काय हाय!"

पाणी अजून रोज येतं. साहेबही अधूनमधून येतात, टाकीपाशी थांबतात आणि त्या फडक्याकडे बघून केस सारखे करतात.