घारपुऱ्यांना दुकान पसंत पडत नाही

घारपुरे कुठल्याही दुकानासमोर उभे राहिले की आधी उजव्या हातातला हातमोजा काढतात आणि दाराची मूठ धरतात. आत जात नाहीत. नुसती धरून ठेवतात, वैद्याने नाडी धरावी तशी. मग डोळे मिटून सांगतात, "गार आहे, अप्पा. धंदा नाही." किंवा, "कोमट. चालतंय." बाहेर बर्फ, समुद्रावरून अंगात घुसणारा वारा, आतली बाई काचेतून बघतेय की हा माणूस येतो का जातो, आणि हे मूठ सोडत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलो. मला वाटलं, हात चिकटला.

"अहो, इथं गिऱ्हाईक हातमोजे घालून येतं. मूठ तापणार कशी?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "गेनाऊ," म्हणाले. हे जर्मन आहे, म्हणजे अगदी बरोबर. "म्हणूनच कोमट लागली तर समजायचं, गर्दी फार मोठी."

शिकलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तो असा.

मी स्वतः चौथी. वाईला माझी पिठाची गिरणी होती. पट्टा माझा, जातं माझं, पाटीवर नाव माझं. आता मुलाकडे राहतो, जर्मनीच्या पार वरच्या टोकाला, कील नावाच्या गावात. मला यायचं होतं म्हणून आलो. कुणी आणलं म्हणून नाही.

घारपुरे आमच्या खालच्या मजल्यावर. मूळचे पुण्याचे, उभा जन्म म्युनिकजवळच्या गार्चिंगला कॉम्प्युटरच्या कामात गेला. बायको वारली, मग कंपनीने वेळेआधीच निरोप दिला. गार्चिंगचं घर तसंच कुलूप लावून हा गृहस्थ इथं भाड्याने येऊन राहिला. कशासाठी, तर धंदा करायला. कसला, ते ठरलं नव्हतं. फ्रँचायझी घ्यायची, एवढंच ठरलं होतं. जिन्यात पहिल्याच भेटीत त्यांना कळलं की मी गिरणीवाला, आणि त्यांनी माझा हात धरला. "अप्पा, आजपासून तुम्ही माझे कन्सल्टंट."

मी हो म्हटलं. कुणीतरी माणूस ओळखणारं भेटलं होतं.

पण फ्रँचायझी म्हणजे काय ते त्यांनी समजावलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. "म्हणजे दुकान तुमचं, भाडं तुमचं, घाम तुमचा, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं?"

"हो."

"आणि त्या नावाचे पैसेही तुम्हीच त्याला द्यायचे?"

"दर महिन्याला. ब्रँड आहे अप्पा, ब्रँड."

माझ्या गिरणीवर उद्या कुणी स्वतःचं नाव लावायला आला असता तर मी त्याला पट्ट्यात घातला असता. पण इथं सगळं उलटंच असतं, हे मी तोवर शिकलो होतो.

मग आम्ही दुकानं बघत हिंडू लागलो. एका ठिकाणी नेलं, तिथं पेट्या होत्या, माणूस मावेल एवढ्या, झाकणाच्या. आत निळे दिवे. एक गोरीपान तरुण पोर पैसे मोजून आत जाऊन पडली आणि वरून झाकण लावून घेतलं. मी घारपुऱ्यांचा कोट घट्ट धरला. "काय करतायत हो तिला?"

"काळं करतायत."

"कशाला?"

"इथं ऊन नाही ना. लोकांना सावळं दिसायचं असतं."

मला दोन दिवस जेवताना ते आठवत होतं. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न रंगापायी तीनदा मोडलं. तिला या पेटीतल्या पोरीशेजारी उभी करायला हवी होती. घारपुऱ्यांनी तो धंदा सोडला, कारण काय, तर "झाकण लावलेल्या गिऱ्हाईकाशी बोलता येत नाही."

त्यानंतर कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान. तिथं कुत्र्याचे केस वाळवायला मशीन होतं आणि माझ्या डोक्याला नुसती टोपी. ते नाकारलं, कारण नातवंडं कुत्र्याला घाबरतात. कुणाची नातवंडं, ते मी विचारलं नाही. मग कपडे धुवायचं दुकान. जागा पसंत, मशीन पसंत, मूठसुद्धा कोमट. मी म्हटलं, घ्या. तर म्हणाले, "आल्झो," म्हणजे असं बघा, "अप्पा, जवळपास बालवाडी नाही."

"कपडे धुवायला बालवाडी कशाला?"

"लोकेशन बोलतं, अप्पा. आपण ऐकायचं." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्याच्यापुढे बोलायची सोय नसते.

शेवटी पावाचं दुकान आलं. बालवाडी समोरच. कंपनीच्या ब्रांटबाईंनी अट घातली, एक दिवस दुकानात उभं राहून काम करून दाखवा. मीही गेलो, कोपऱ्यात चहा घेऊन बसलो. संध्याकाळी उरलेला पाव पोत्यात भरून कचऱ्यात टाकायला नेला तेव्हा माझा चहा तसाच राहिला. पिठाचा माणूस आहे मी, सांडलेलं पीठसुद्धा सुपात गोळा करून गाईला घातलंय. पण घारपुरे. काय सांगू. ज्या माणसाला घरी चहाच्या डब्याचं झाकण सापडत नाही, तो तिथं दोन्ही हातांनी पाव देत होता, म्हाताऱ्यांची विचारपूस करत होता, पोरांना वाकून टाटा करत होता. ब्रांटबाई इतक्या खूश, की त्यांनी तिथेच करार पुढे केला.

घारपुऱ्यांनी पेन उघडलं, बंद केलं, म्हणाले, विचार करून कळवतो. बाहेर आल्यावर मला सांगतात, "काउंटर फार उंच आहे."

बसमधून उतरल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला दुकान घ्यायचंच नाही. दुसरा कन्सल्टंट बघा." आणि जिना चढून वर आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी मुक्ता आमच्याकडे आली. मुक्ता इथंच, दोन स्टॉप पलीकडे राहते. समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करते, नवरा योनास जर्मन, लीना नावाची चार वर्षांची मुलगी. मला अप्पाकाका म्हणते.

"अप्पाकाका, बाबांनी परत नाही म्हटलं?"

"हो. काउंटर उंच आहे म्हणे."

ती हसली नाही. कोटसुद्धा न काढता टेबलाशी बसली. "मी रविवारी त्यांना सांगणारेय, बाबा, गार्चिंगला परत जा. तिथे त्यांचे मित्र आहेत, डॉक्टर आहे. इथे नुसते हिंडतात. आणि आमच्याकडे येणं त्यांना आवडतच नाही."

"असं कसं?"

"येतात, दारात उभे राहतात, लीनाला खाऊ देतात, निघतात. जेवत नाहीत. पाणीसुद्धा घेत नाहीत. आत्ताच प्यायलो म्हणतात. लग्न झाल्यापासून एकदा नाही, अप्पाकाका. योनास दर वेळी ताट मांडतो आणि मग उचलतो." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यांना तो जावई म्हणून नको होता. मला कळलंय ते. बोलत नाहीत एवढंच."

आयुष्यात गिरणीत हात जाता जाता वाचला होता, तेव्हासुद्धा असा हादरलो नव्हतो. माझ्या शनिवारच्या उपवासाला हसणारा माणूस हा. "अप्पा, मारुतीला कॅलरी मोजता येत नाहीत," म्हणणारा.

"पोरी, यात योनासचं काही नाही," मी म्हटलं. "लेकीच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नसतं. आमच्याकडे जुनी माणसं पाळायची. माझ्या वडिलांनी पाळलं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्या पेटीकडे बघितलं होतं. "आणि हे मला सांगितलं का नाही?"

"आईने सांगायचं असतं ते," मी म्हटलं. तिची आई राहिली नाही, हे म्हटल्यावर आठवलं.

ती गेल्यावर मी खाली गेलो. घारपुरे कसल्याशा चहाच्या फ्रँचायझीचं पुस्तक उघडून बसले होते. मी पुस्तक मिटलं.

"तुम्ही लेकीकडे पाणी पीत नाही?"

बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. "मी असलं काही मानत नाही, अप्पा."

"मग प्या की."

"प्यायलो की बसेन. बसलो की जेवेन. रोज जेवायला लागलो की ती म्हणेल, बाबा, इथेच राहा. योनासही म्हणेल, तो फार चांगला मुलगा आहे. आणि मी राहीन." त्यांनी चष्मा घातला. "मग एक दिवस दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतील, की बाबा जातच नाहीत. त्यापेक्षा दुकान बरं. दुकान असलं की मी गावात आहे माझ्या कामासाठी. जाता येता दिसते ती."

"मग घ्या ना एक दुकान."

"आणि बुडालं तर? मग इथं राहायला कारण काय सांगू?"

मुलाच्या घरी राहणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं. मी म्हटलं, "आमचे वडील माझ्या बहिणीकडे गेले की आधी नातवाच्या हातावर नाणं ठेवायचे, मग पाणी प्यायचे. विकत घेतलेलं पाणी चालतं."

"ही पळवाट झाली."

"तुम्ही मानत नाही ना? मग पळवाट कसली?"

रविवारी मी त्यांना ओढून घेऊन गेलो. योनासने दार उघडलं, मुक्ता मागे उभी. घारपुऱ्यांनी दारातच खाऊची पिशवी पुढे केली. लीनाने पिशवी घेतली नाही, त्यांचं बोट धरलं आणि आत नेलं. इथल्या घरांतून लहान पोरांना खेळायला लाकडाचं दुकान देतात, काउंटर, छोटा तराजू, गल्ला, सगळं. लीना काउंटरमागे जाऊन उभी राहिली आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनच येतं.

"काय म्हणते?" मी मुक्ताला विचारलं.

"काय हवं, विचारते."

घारपुरे त्या काउंटरसमोर उभे होते. मग गुडघे धरत, एकेक करून, खाली बसले.

"आज रविवार आहे," ते लीनाला मराठीत म्हणाले. "इकडे रविवारी दुकानं बंद असतात."

लीनाने आईकडे पाहिलं. तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

"हे उघडं असतं, बाबा," मुक्ता म्हणाली. "रोज असतं."

घारपुऱ्यांनी खिशात हात घातला. नाणं काउंटरवर ठेवताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. "पाणी द्या," म्हणाले. लीनाने नाणं गल्ल्यात टाकलं, आत जाऊन पाणी आणलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. भातुकलीतला पेला होता तो, मोठ्या माणसाच्या जेमतेम दोन घोटांचा.

घारपुऱ्यांना तो संपवायला बराच वेळ लागला.