सासऱ्यांच्या दौतीला मी हात लावला

चांदी कशी उजळायची, हे मला कोणी शिकवू नये. परातीत गरम पाणी, सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद. पाच मिनिटांत आरसा.

सासऱ्यांच्या दौतीवर मी हीच विद्या चालवली. साधी दौत नव्हे ती. हिरव्या रत्नात कोरलेलं कासव, पाठीवर नक्षीदार चांदीचं झाकण, पोटाखाली चांदीची बैठक. दीडशे वर्षांची, असं सासरे म्हणत. जेवताना म्हणत, दाढी करताना म्हणत. मी मुलगी मागायला गेलो तेव्हा होकार देण्याआधी म्हणाले होते.

आता ती दौत ते संग्रहालयाला भेट म्हणून देणार होते. काचेचं कपाट, खाली पाटी, पाटीवर सासऱ्यांचं पूर्ण नाव. म्हाताऱ्याने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. तपासणीला तज्ज्ञ बाई अकरा वाजता येणार होत्या. साडेनऊला सासरे केस कापायला गेले, आणि मी परात काढली.

बायको आली. दौतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काळेपणा कुठे गेला?"

"मोरीत."

"अरे, तोच तर जुनेपणाचा पुरावा होता."

(इथे एक परिच्छेद होता. त्यात बायको बोलते. तो मी काढून टाकला आहे.)

उपाय तिलाच आठवला: उकडलेल्या अंड्याने चांदी काळी पडते. चार अंडी कुस्करून डब्यात भरली, वर ताटलीत दौत ठेवली, झाकण लावलं. तासाभराने दौत निम्मी काळी झाली होती. वास मात्र पूर्ण आला होता.

सासरे आणि बाई एकदमच दारात. सासऱ्यांनी नाक वर केलं.

"जावईबापू, पोट बरं आहे ना?"

"थोडं बिघडलंय," मी म्हणालो. घराण्याच्या इभ्रतीसाठी माणसाने एवढं सोसावं.

बाईंनी दौत उलटी केली. बैठकीचा तळ मी विशेष मन लावून घासला होता. तिथे अंडं पोचलं नव्हतं. बारीक शिक्का लखलखत होता. कारखान्याचं नाव आणि साल. मी शाळा सोडली, ते साल.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "ही जुनी नाही हो."

सासऱ्यांनी तळ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मान ताठ केली.

"सकाळपर्यंत होती, बाई. या माणसाने धुतली."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मलाही ते पटलं.